छोट्या मैदानांची मोठी परीक्षा

दिवाळी सरते, खरिपाची सुगी आवरत येते आणि सातारा-सांगलीच्या माळांवर छकड्यांची चाके फिरू लागतात. खटाव, माण, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यतींचा खरा हंगाम सुरू होतो तो याच दिवसांत. मार्गशीर्षात पुसेगावला श्री सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तेथील ‘हिंद केसरी’ मैदानावर दोन्ही जिल्ह्यांतील शौकिनांचे डोळे लागलेले असतात. त्यानंतर चैत्र-वैशाखातील गावजत्रांपर्यंत मैदानांची रांग संपत नाही. मोठ्या मैदानाचा मानकरी एका दिवसात ठरतो; त्याचे दावेदार मात्र आधीच्या लहान-लहान मैदानांत ठरत असतात. त्यामुळे पुसेगावचा गुलाल कोणावर पडणार, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर या पूर्वपरीक्षांकडे बारकाईने पाहावे लागते.

घोड्यांच्या शर्यतीत हे गणित तुलनेने सोपे आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी होते. तिच्या आधी डिसेंबरात १६०० मीटरची ‘इंडियन २००० गिनीज’ धावली जाते आणि डर्बीच्या २४०० मीटरना कोणता घोडा पुरा पडेल, याचा अंदाज जाणकार तेथून बांधू लागतात. प्रत्येक घोड्याची वंशावळ, वय, पाठीवरचे वजन, आधीच्या धावांच्या वेळा हे सारे छापील स्वरूपात उपलब्ध असते. सातारा-सांगलीच्या बैलाबाबत असे काहीच हाती नसते. असते ती शौकिनांची स्मरणशक्ती, समालोचकाचा आवाज आणि अलीकडे यूट्यूबवरील चित्रफिती. एवढ्या सामग्रीवर लाखो रुपयांचे व्यवहार होतात. या खेळाचे आकर्षण त्यात आहे, तसा धोकाही त्यातच आहे.

घड्याळ नसलेली शर्यत

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातील बैलगाडा घाटात धावतो. तेथे चार बैल असतात, पुढे घोडी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. सातारा-सांगलीची पद्धत निराळी. येथे सपाट माळावर शेजारी-शेजारी चाकोऱ्या आखल्या जातात. या प्रत्येक चाकोरीला ‘तास’ म्हणतात. दोन बैलांचा हलका छकडा आपापल्या तासातून धावतो आणि ज्याचा बैल आधी रेषा ओलांडेल तो विजयी. नाव नोंदवलेल्या गाड्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले जातात. गटातील पहिला उपांत्य फेरीत आणि तेथील पहिला अंतिम फेरीत जातो.

याचा अर्थ असा, की येथील विजय हा नेहमी सापेक्ष असतो. सेकंदांचा हिशेब नसल्याने खटावमधील एका मैदानातील पहिला क्रमांक आणि जतमधील दुसऱ्या मैदानातील पहिला क्रमांक यांची थेट तुलना करता येत नाही. त्या गटात समोर कोण होते, हे पाहिल्याशिवाय त्या गुलालाचे मोल कळत नाही. सोप्या गटातून आलेला विजेता अंतिम फेरीत पाचवा येतो आणि कठीण गटात दुसरा आल्यामुळे बाद झालेला बैल पुढच्याच आठवड्यात मैदान मारतो. निव्वळ निकालाचे आकडे मोजणाऱ्याची फसगत होते ती येथे.

दावेदार कसा ओळखावा?

जाणकार पहिल्यांदा पाहतात ते दात. दुधाचे दात असलेला ‘आदत’, दोन कायमचे दात आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’ आणि त्यापुढे पूर्ण दातांचा जुना बैल, अशी ही वयाची शिडी आहे. आदत खोंडांची मैदाने स्वतंत्र भरतात. तेथे गाजलेले नाव मोठ्या मैदानातही गाजेल, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. खोंडाचा वेग लवकर दिसतो; ताकद, दम आणि गर्दीची सवय मात्र वर्षांनीच येते. खिलार बैल कायमचे दात पुरे आल्यावर, साधारण पाचव्या वर्षानंतर खरा भरात येतो. त्यामुळे यंदाचा गाजलेला आदत हा पुढच्या दोन-तीन वर्षांनंतरचा दावेदार असतो, यंदाचा नव्हे.

दुसरी कसोटी ‘पैऱ्या’ची. शेतीच्या कामात दोन शेतकरी आपला एकेक बैल एकत्र करून औत हाकत, त्या जुन्या पैऱ्याने शर्यतीत नवा अवतार घेतला आहे. एका गावचा एक बैल आणि दुसऱ्या गावचा दुसरा, अशी जोडी मैदानापुरती जुळते. मुळशी तालुक्यातील सूस गावचा बकासूर आणि त्याचा जोडीदार महिब्या यांनी २०२३ मध्ये खानापूर तालुक्यातील भाळवणीच्या ‘रुस्तुम-ए-हिंद’ मैदानात थार गाडी जिंकली, तेव्हा दोन नामवंत बैल एका जुवाखाली आल्यावर काय होते, हे सर्वांनी पाहिले. पण प्रत्येक पैरा असा जमत नाही. एक बैल सुटायला तिखट आणि दुसरा शेवटी जोर धरणारा असेल, तर छकडा सरळ राहत नाही. एकाला डावीकडे पळण्याची सवय आणि त्याला उजवीकडे जुंपले, तर त्याचा वेग निम्मा होतो. म्हणूनच लहान मैदानांत मालक पैरे बदलून पाहतात. तेथील पराभव हा अनेकदा पराभव नसून चाचणी असते.

तिसरी गोष्ट तासाची. चिठ्ठीत कडेचा तास आला, की बैल प्रेक्षकांच्या भिंतीला लागून पळतो. बुजरा बैल तेथे मान वळवतो आणि शर्यत हातची जाते. मधल्या तासातून मिळवलेले तीन विजय आणि कडेच्या तासातून मिळवलेला एक विजय यांत दुसऱ्याचे वजन अधिक. माळाची जातही पाहावी लागते. माणदेशातील मुरमाड, टणक जमिनीवर उडणारा बैल कृष्णाकाठच्या काळ्या मातीत रुततो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी दमाची. अंतिम फेरी गाठणाऱ्या बैलाला एका दिवसात किमान तीनदा धावावे लागते. सकाळच्या गटात अंतराने जिंकणारा बैल संध्याकाळी फिका पडतो, तेव्हा त्याचा वेग कमी झालेला नसतो, त्याची विश्रांती कमी झालेली असते. गटात जेमतेम पुढे राहून, ताकद राखून अंतिम फेरीत मुसंडी मारणारी जोडी हीच मोठ्या मैदानाची खरी दावेदार. समालोचक अंतराने जिंकणाऱ्याचे नाव गाजवतो. जाणता शौकीन मात्र दुसऱ्या फेरीनंतर बैलाची धाप किती वेळात बसते, हे जाऊन पाहतो.

बक्षिसे वाढली, विसावा घटला

या साऱ्या कसोट्यांवर आता बक्षिसांची सावली पडली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील बोरगाव येथे झालेल्या ‘श्रीनाथ केसरी’ मैदानात ‘हेलिकॉप्टर बैजा’ आणि ‘ब्रेक फेल’ या जोडीने फॉर्च्युनर गाडी जिंकली. एकेकाळी फेटा, नारळ आणि ढाल यांवर समाधान मानणाऱ्या खेळात ही उडी लहान नाही. त्या विजयाने ही नावे घरोघरी पोहोचली. त्याचबरोबर अशा मैदानात आपलाही बैल उतरावा, ही ओढ शेकडो गोठ्यांत निर्माण झाली.

ओढ वाईट नाही. तिचा परिणाम मात्र तपासायला हवा. मोठ्या मैदानाआधी बैलाचे नाव व्हावे, त्याला चांगला पैरा मिळावा, मागणी आली तर किंमत वाढावी, यासाठी तो एका आठवड्यात दोन-दोन मैदानांत उतरवला जातो. टेम्पोतून रात्रभर प्रवास, सकाळी गट, संध्याकाळी परत प्रवास. पूर्वतयारीची मैदाने ही बैल तयार करण्यासाठी असतात, झिजवण्यासाठी नव्हेत. घोड्यांच्या दुनियेत डर्बीचा दावेदार मोजक्या धावांनी तयार केला जातो. त्याच्या दोन शर्यतींमधील विश्रांती हा प्रशिक्षकाच्या कौशल्याचा भाग मानला जातो. सातारा-सांगलीतही जुने गाडामालक हेच करीत आले आहेत. ज्याच्याकडे पर्याय आहे, तो बैल राखतो. ज्याने कर्ज काढून एकच खोंड घेतला आहे, त्याला थांबणे परवडत नाही. आदत वयात गाजलेली आणि चौसा होईपर्यंत विस्मृतीत गेलेली नावे आठवून पाहिली, तर या घाईची किंमत कोण मोजतो, हे कळते.

कायद्याने दिलेली सवलत, अटींसह

बैल झिजला तर नुकसान एका गोठ्याचे. पण नियम झिजले तर नुकसान सर्वांचे होईल. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोन्हींना मज्जाव केला. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली, तरी प्रकरण न्यायालयात अडकून राहिले. या काळात असंतोष किती साचला होता, ते २० ऑगस्ट २०२१ रोजी आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात दिसले. तत्कालीन विधान परिषद सदस्य गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने तेथे बंदी आणि पोलीस बंदोबस्त झुगारून पहाटेच शर्यत उरकण्यात आली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

हा विजय बिनशर्त नाही, याचा विसर पडू लागला आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, आयोजकाची ५० हजार रुपयांची अनामत, पशुवैद्यकीय तपासणी, १००० मीटरपेक्षा अधिक नसलेली धाव आणि काठी, चाबूक, विजेचा झटका यांना पूर्ण मज्जाव, या नियमांवर ही सवलत उभी आहे. बैलाला क्रूर वागणूक दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. घटनापीठाने दुरुस्त्या मान्य केल्या त्या नियम काटेकोर पाळले जातील, हे गृहीत धरून.

पुसेगाव किंवा बोरगावसारख्या मैदानांवर हजारो डोळे, ड्रोन आणि पोलीस असतात. तेथे नियम मोडणे अवघड. खरी परीक्षा आडबाजूच्या माळावरील छोट्या मैदानाची असते. बैलाला काय सवय लागली आहे, हे तेथे ठरते. लहान मैदानात शेपटी पिरगाळून, काठी उगारून पळवलेला बैल मोठ्या मैदानात नियमांच्या चौकटीत तसा पळत नाही. केवळ आवाजावर पळणारा बैल मात्र दोन्हीकडे सारखाच पळतो. म्हणजे नियम पाळणे हा निव्वळ नीतीचा प्रश्न नाही, जिंकण्याचा शहाणपणाही तोच आहे. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचेही तसेच. उधळलेला छकडा गर्दीत शिरून माणसे जखमी होण्याचे, प्रसंगी दगावण्याचे प्रकार घडले आहेत. भक्कम कठडे नसलेले मैदान हे दावेदाराची नव्हे, नशिबाची परीक्षा घेते.

खिलारचे भवितव्य

शर्यतींच्या बाजूने सर्वांत प्रभावी ठरलेला मुद्दा खिलार जातीच्या संवर्धनाचा होता. तो खोटा नाही. टेंभू योजनेचे पाणी दुष्काळी पट्ट्यात पोहोचले, द्राक्ष-डाळिंबांच्या बागा उभ्या राहिल्या आणि औताची जागा ट्रॅक्टरने घेतली. चराऊ माळ आक्रसले. खरसुंडी, म्हसवड, पुसेगाव येथील जनावरांच्या बाजारांत शेतीकामाचा बैल शोधणारे गिऱ्हाईक घटत गेले. अशा वेळी खिलार खोंडाला दारी बांधण्याचे मोठे कारण शर्यत हेच उरले आहे. बंदीच्या वर्षांत अनेकांनी ते दावणीतून सोडले होते. बंदी उठल्यावर खोंडांचे भाव पुन्हा चढले.

पण संवर्धन म्हणजे दोन-चार बैलांची कीर्ती नव्हे. जात टिकते ती गाईंच्या संख्येवर, वळूंच्या निवडीवर आणि वंशावळीच्या नोंदीवर. फॉर्च्युनर जिंकणाऱ्या बैलाचे नाव सर्वांना ठाऊक असते. त्याची आई कोणत्या गोठ्यात होती, हे सांगणारा कागद क्वचितच सापडतो. घोड्यांच्या शर्यतींकडून काही घ्यायचेच असेल, तर ते बक्षिसांची रक्कम नव्हे, ही नोंद घ्यावी. प्रत्येक बैलाच्या कानातील बिल्ल्याशी जोडलेली साधी नोंदवही, तीत दात, मैदाने, फेऱ्या, दुखापती आणि विश्रांतीचे दिवस, एवढे झाले तरी बरेच साधेल. लहान मैदानाचा आयोजक थकलेला बैल परत पाठवू शकेल, विकत घेणारा फसणार नाही आणि उद्या न्यायालयात प्रश्न आलाच, तर भावनेऐवजी पुरावा पुढे ठेवता येईल.

तोवर पुसेगावच्या वाटेवरील दावेदार जुन्याच कसोट्यांवर ओळखावे लागतील. कठीण गटातून आलेली, कडेच्या तासातून सरळ पळालेली, एकच पैरा टिकवून असलेली आणि मोजक्याच मैदानांत उतरलेली जोडी यंदाही इतरांपेक्षा उजवी ठरेल. सलग मैदाने गाजवत येणाऱ्या नावापेक्षा, मधल्या तीन आठवड्यांत जे नाव ऐकू आले नाही, त्याकडे लक्ष ठेवावे. दावणीला विसावलेला बैल जाहिरातीत दिसत नसतो. तो दिसतो अंतिम फेरीच्या शेवटच्या शंभर पावलांत.