चिमूरची बातमी कोणी सांगितली?

मैत्रिणींनो, १९४२ च्या काँग्रेस रेडिओचा विषय निघाला की उषा मेहतांचं धाडस सांगितलं जातं. बावीस वर्षांची मुलगी, मुंबईत चोरून चालवलेलं बिनपरवाना केंद्र, मागावर पोलीस. २०२४ साली त्यावर हिंदी चित्रपटही आला. धाडस होतंच. पण या केंद्रावरून काय सांगितलं गेलं, हे विचारायचं आपण विसरतो.

ऑगस्टअखेरपासून ४२.३४ मीटरवर हे केंद्र बोलू लागलं. पत्ता विचाराल तर ‘भारतात कुठंतरी’! प्रत्यक्षात यंत्र चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड असं बिऱ्हाड बदलत फिरत होतं. सोबत बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी. पाठीशी राममनोहर लोहिया. वर्तमानपत्रांवर बंधनं होती. जमशेदपूरचा संप, चितगावची बॉम्बफेक अशा बातम्या लोकांनी इथेच ऐकल्या.

आणि चिमूर. चांदा जिल्ह्यातलं गाव. १६ ऑगस्टला तिथे गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने अधिकारी मारले. मग लष्कर आलं आणि सूड घेतला गेला तो बायकांवर. घराघरांत शिरून बलात्कार झाले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपास केला, तर त्या उपासाची बातमी छापायलाही बंदी! अशा वेळी चिमूर-आष्टीची हकीकत या केंद्राने सांगितली. बलात्काराबद्दल बोलायचं नसतं, असं आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. तिथे तर सरकारचीही तीच इच्छा होती. म्हणून मला अटकेच्या थरारापेक्षा ही बातमी मोठी वाटते.

१२ नोव्हेंबरला केंद्र पकडलं गेलं. त्यांच्याच तंत्रज्ञाने जागा दाखवली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये त्या येरवड्यातून सुटल्या. पुढे अनेक वर्षं त्यांनी मुंबईत राज्यशास्त्र शिकवलं. चिमूरच्या बायकांचं पुढे काय झालं, हे मात्र कुठल्या चित्रपटात येत नाही.

आज परवाना मिळतो. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २००६ पासून संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तशाच्या तशा ऐकवायच्या. हवामान सांगा, परीक्षांची माहिती द्या, जत्रेची द्या. शेजारच्या वस्तीत बाईवर अत्याचार झाला, तर ती बातमी आकाशवाणी देईपर्यंत थांबा.

ही अट काढून टाका, अशी मागणी आपल्या एकाही मोर्चाच्या निवेदनात मी अजून वाचलेली नाही. पुढचं निवेदन लिहायला बसू तेव्हा ती घालायची का, हे आपण आपापल्या गटात बोलूया.