वैश्विकतेची उलटी वाट : 'भिजकी वही'च्या निमित्ताने

जागतिकीकरणाच्या संदर्भात साहित्याचा विचार होऊ लागला की, किती मराठी कृती इंग्रजीत गेल्या, हीच मोजपट्टी हाती घेतली जाते. ती एकांगी आहे. अरुण कोलटकर यांच्या इंग्रजी 'जेजुरी'ला (१९७६) राष्ट्रकुल काव्य पुरस्कार लाभला आणि कवीचे नाव देशाबाहेर पोहोचले. 'भिजकी वही' (२००३) मात्र त्यांनी मराठीत लिहिली. इसिस, कॅसान्ड्रा, हायपेशिया, नादेझ्दा मांडेलश्ताम अशा दूरदेशीच्या, दूरकाळच्या स्त्रियांचे अश्रू या संग्रहात बोलत्या मराठीच्या लयीत उतरतात. येथे मराठी जगाकडे जात नाही. जगच मराठीत येते, तेही आपले परकेपण न टाकता. भाषेची धारणाशक्ती कसाला लागते ती अशाच ठिकाणी. संग्रहाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. तरी मराठीबाहेर कोलटकर प्रामुख्याने 'जेजुरी'चेच कवी राहिले. (बाहेरच्यांचे हे अज्ञान क्षम्य मानता येईल, मराठी विभागांची उदासीनता नव्हे.) देशीवादी समीक्षेपुढेही हा संग्रह एक अवघड प्रश्न ठेवतो. आशय परदेशीचा, भाषा मात्र अस्सल इथली, अशी कविता देशी मानायची की नाही? याचे उत्तर तिने अद्याप नीटपणे दिलेले नाही.