बाबांचा इनबॉक्स कुठंय?

परवाच्या संडेला डोंबिवलीला गेले, तर आमचा जुना डेस्कटॉप हॉलच्या दाराशी आणून ठेवलेला. आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर अजून अंगावर! चार वाजता भंगारवाला येणार होता. 'काढा एकदाचं ते धूड,' असा वर्षभर माझाच धोशा होता ना!

पेपरमधून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, 'ताईची पत्रं आहेत गं त्यात.'

ताई म्हणजे माझी आत्या, न्यू जर्सीची. 2004 ते 2009 ही बहीणभावंडं दर आठवड्याला एकमेकांना ईमेल करायची. इंग्रजी अक्षरांत मराठी! 2019 मध्ये आत्या गेली.

'डोंट वरी बाबा, मी 2012 मध्येच सगळा बॅकअप घेतलाय,' मी ऐटीत पेनड्राइव्ह काढला. लग्नांचे फोटो, बाबांचे हिशोब, माझं कॉलेजचं प्रोजेक्ट... आत्याचं पत्र मात्र एकही नाही.

माझा घोळ असा, की मी फक्त 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी केलं होतं. मेल तिथे नसतातच! बाबा आउटलुक एक्सप्रेस वापरायचे, पॉप अकाउंटवर. 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' ही टिक केली नसेल, तर मेल उतरवून घेतला की सर्व्हरवरून तो साफ. बाबांनी केली नव्हती. म्हणजे आत्याची पत्रं फक्त दाराशी ठेवलेल्या त्या धुडात. आणि घड्याळात अडीच!

वायरी जोडल्या. पंखा घरघरला, एक्सपी चालू झालं. आउटलुक एक्सप्रेसमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, मग मेंटेनन्स. तिथे 'स्टोअर फोल्डर' असं बटण. दाबलं, तर हा लांबलचक पत्ता! सी ड्राइव्ह, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, बाबांचं नाव, लोकल सेटिंग्ज, अॅप्लिकेशन डेटा, आयडेंटिटीज... यातलं 'लोकल सेटिंग्ज' हिडन असतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन हिडन फाइल्स दाखवायला सांगितलं, तेव्हा कुठे दर्शन झालं. इनबॉक्स डॉट डीबीएक्स, सेंट आयटम्स डॉट डीबीएक्स. एकेका फाइलीत अख्खा फोल्डर!

त्या कॉपी केल्याच. पण आउटलुक एक्सप्रेस आता कुठे मिळायला? 2007 च्या व्हिस्टापासूनच ते बंद झालं. म्हणून प्रोग्रॅममधले सगळे मेल सिलेक्ट करून एका साध्या फोल्डरमध्ये ड्रॅग केले. प्रत्येकाची वेगळी ईएमएल फाइल झाली. ती आजच्या थंडरबर्डमध्येही उघडते.

लॅपटॉपवर पहिलंच उघडलं ते 2005 च्या गणपतीतलं. आत्याचे सगळे मोदक उकडताना फुटले होते. 'मी तिला म्हटलं होतं, पिठी नीट मळ,' बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आता तुमचं होमवर्क. लंच अवरमध्ये पाच मिनिटं काढा. थंडरबर्ड असेल तर हेल्पमध्ये 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, त्यात 'प्रोफाइल फोल्डर' सापडेल. तो प्रोग्रॅम बंद करून अख्खा कॉपी करा. आतली 'इनबॉक्स' नावाची, पुढे काहीच नसलेली फाइल म्हणजे खरे मेल. एमएसएफवाली नुसती अनुक्रमणिका. क्लासिक आउटलुक असेल तर फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स. तिथे पीएसटी दिसली तर जास्त जपा, कदाचित तीच एकमेव प्रत असेल. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची नक्कल असते.

आणि हो, घरी आईबाबांचा जुना पीसी असेल, तर आधी तो उघडा. आमच्याकडे चारला बेल वाजली, तेव्हा बाबांनी स्वतः उठून सांगितलं, 'आज काही नाही, पुढच्या रविवारी ये.'