खरं वॉरंट फोन करत नाही
पारशिवनीकरांना तातडीचं आवाहन

पारशिवनी, कन्हान, टेकाडी, साटक, करंभाड, नवेगाव खैरी आणि पार कोलितमाऱ्यापर्यंतच्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. याच आठवड्यात आपलं आणि घरातल्या मोठ्या माणसांचं नाव एकदा न्यायालयाच्या नोंदीत शोधून बघा. वेळ फार लागत नाही, पैसा तर अजिबात लागत नाही.

एवढी घाई कशाला, ते सांगतो. माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं लहानसं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीक विमा अशी कामं चालतात. त्यात अलीकडे दोन प्रकारचे लोक येऊ लागलेत. पहिल्याच्या हातात मोबाइल असतो आणि हात थरथरत असतो. व्हॉट्सॲपवर 'अटक वॉरंट' आलेलं असतं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, आणि फोनवरचा कोणी 'साहेब' पैसे मागत असतो. दुसऱ्याच्या हातात काहीच नसतं. त्याच्या भावाला पहाटे घरून नेलेलं असतं. त्या भावावरचं वॉरंट मात्र खरं असतं, दीड-दोन वर्षं जुनं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नसतो. ज्याला भ्यायचं कारण नाही तो घामाघूम, आणि ज्याला कारण होतं तो कालपर्यंत निवांत झोपत होता.

मागच्या उन्हाळ्यातलं एक उदाहरण देतो. गाव आणि नाव सांगत नाही. बहिणीच्या हळदीच्या संध्याकाळी मांडवात दोन शिपाई आले आणि नवरीच्या भावाला सोबत चला म्हणाले. हाताची हळद तशीच. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अहो, माही तं जमानत झाली होती ना, मंग आता कायचं वारंट?" बऱ्याच वर्षांपूर्वी पोळ्याला झालेल्या मारामारीत त्याचं नाव होतं. जमानत झाली, घरी आला, पेढे वाटले. केस संपली, असं त्याच्यासकट सगळ्या घरानं धरलं. मग तो बुटीबोरीला कामाला लागला. पेश्या पडत राहिल्या. समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं. रोजनाम्यात दर तारखेला तीच ओळ: पुकारा केला, आरोपी गैरहजर.

आपल्याकडचा सगळ्यात महाग गैरसमज हाच. जमानत म्हणजे सुटका नव्हे. जमानत म्हणजे बोलावलं त्या प्रत्येक पेशीला हजर राहीन, असं लिहून दिलेलं वचन. योग्य कारणाशिवाय ते मोडलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली तो वेगळा गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुसरी गोष्ट, वॉरंट शिळं होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ सांगतं, की काढणाऱ्या न्यायालयानं रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत असतं. निवडणुका जाहीर झाल्या की पडून राहिलेली वॉरंटं बजावण्याची मोहीम निघते. अशा वेळी वर्षानुवर्षं कपाटात झोपलेला कागद एका रात्रीत जागा होतो.

आता नोंद कुठे शोधायची? आधी हे समजून घ्या, की कुणाकुणावर वॉरंट आहे याची गावभर वाचता येईल अशी यादी आपल्याकडे नसते. 'वॉरंट चेक करून देतो' म्हणून पाचशे रुपये मागणारा अशी कुठली यादी उघडत नाही, तो तुम्हालाही फुकट दिसतं तेच बघतो. (यात माझ्याच धंद्यावर पाणी पडतं, पडू द्या.) वॉरंट सापडतं ते खटल्याच्या नोंदीत. म्हणून आधी खटला शोधायचा.

मोबाइलमध्ये 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप घ्या, किंवा सर्व्हिसेस डॉट ईकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ उघडा. महाराष्ट्र, मग नागपूर, मग न्यायालय. इथेच पहिली ठेच लागते. यादीत आपण बोलतो तसं पारशिवनी शोधाल तर सापडणार नाही. इंग्रजांच्या काळापासून कागदोपत्री आपल्या गावाचं स्पेलिंग पी-ए-आर-एस-ई-ओ-एन-आय असं चालत आलंय. जुन्या मध्य प्रांतात 'व'च्या जागी 'ईओ' लिहायची पद्धत होती, त्यातूनच सिवनीचंही स्पेलिंग तसंच झालं. माणसांच्या नावांचंही तेच. देवराव, नामदेव, वासुदेव ही नावं आपल्याकडच्या दप्तरात 'ईओ'नं लिहिलेली सापडतात, वासुदेवचा 'व' तर कधी व्ही तर कधी डब्ल्यू. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, मग आडनावाची टाका, मग वडिलांच्या नावाची. वर्ष टाकावंच लागतं, तेव्हा गुन्हा घडला त्या वर्षापासून पुढची दोन-तीन वर्षं एकेक करून बघा. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही बघा. फौजदारी खटल्यात शीर्षकावर बहुधा 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध' आणि पहिल्याच आरोपीचं नाव असतं. तुम्ही चौथे आरोपी असाल तर आत शिरल्याशिवाय दिसणार नाही. गुन्हा क्रमांक आठवत असेल तर फारच सोपं: ठाणं निवडा, क्रमांक आणि वर्ष टाका. पारशिवनीच्या न्यायालयात काही मिळालं नाही तर रामटेक, कामठी आणि नागपूरही बघा. सत्र न्यायालयाची प्रकरणं नागपुरातच चालतात, आणि धनादेशाची केस कर्ज देणाऱ्याच्या बँकेच्या गावी लागलेली असू शकते.

खटला सापडला की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिसेल, तो वहीत उतरवून ठेवा. ही त्या खटल्याची कायमची ओळख. पुढच्या वेळी नावानं धुंडाळायला नको. इंटरनेट नसेल तर साध्या मोबाइलवरून इंग्रजीत 'ईकोर्ट्स', मग जागा सोडून हा क्रमांक लिहून ९७६६८९९८९९ वर संदेश पाठवा, स्थिती उलट येते.

पुढची तारीख काय आणि ती 'कशासाठी' आहे, हे दोन रकाने नीट वाचा. तिथे 'एनबीडब्ल्यू' दिसलं तर ते अजामीनपात्र वॉरंट, ज्याला आपण पकड वॉरंट म्हणतो. 'बीडब्ल्यू' म्हणजे जामीनपात्र. त्यात जामिनाची रक्कम आणि हजर व्हायची तारीख लिहिलेली असते आणि तेवढी हमी दिली की शिपायाला सोडावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितलंय, की साधारणपणे आधी समन्स, मग जामीनपात्र आणि शेवटी अजामीनपात्र, अशा पायऱ्यांनी जावं. पहिल्या पायरीवर बघितलंत तर तिसरी येतच नाही. पण मोबाइलवर काही दिसलं नाही म्हणून लगेच हुश्श करू नका. ज्यांच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता, मग तो दारूचा असो, रेतीचा असो, जंगलातला असो की तोतलाडोहातल्या मासेमारीचा, त्यांनी न्यायालयात जाऊन प्रत्यक्ष खात्री करावी. शहरातल्या न्यायालयांत त्यासाठी ई-सेवा केंद्रं आहेत.

वॉरंट निघालेलं दिसलं तर काय? पळू नका, फोन बंद करू नका, मामाच्या गावी जाऊ नका. पळालात की फरारीची जाहीर उद्‌घोषणा आणि त्यापाठोपाठ मालमत्तेची जप्ती, अशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ आणि ८५ ची वाट सुरू होते. कामाच्या दिवशी सकाळीच वकिलाबरोबर स्वतः न्यायालयात उभे राहा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. आधार कार्ड, जामीनदार, आणि गैरहजेरीच्या कारणाचे कागद सोबत ठेवा, म्हणजे दवाखान्याची चिठ्ठी, कंपनीचं हजेरीपत्रक, बदललेल्या पत्त्याचा पुरावा. आपल्या पायांनी आलेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेनं बघतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे.

वॉरंट घेऊन पोलीस दारात आलेच तर भांडू नका, कागद दाखवा म्हणा. तो दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. लेखी, न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असलेलाच कागद वॉरंट ठरतो. कुठे नेत आहेत ते घरच्याला कळवलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायाधीशांपुढे उभं केलं पाहिजे.

आता त्या थरथरत्या हातांविषयी. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर केलेली अटक, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट', अशी कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली. निमित्त होतं हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याचं, खुद्द सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून त्यांना एक कोटीवर लुटलं होतं. शिकलीसवरली माणसं फसतात तिथे आपली माय घाबरली तर तिला हसू नका. नव्या कायद्यात न्यायालयाचं समन्स मोबाइलवर येऊ शकतं, हे खरं. पण त्यावरचा खटला ॲपमध्ये सापडतो, आणि न्यायालय व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवून पैसे मागत नाही. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस तर व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच बजावलंय. असा फोन आला तर कापा, कागदावरचा खटल्याचा क्रमांक ॲपमध्ये शोधा. पैसे गेले असतील तर घरी चर्चा करत बसू नका, आधी १९३० लावा.

आणखी एका माणसाची आठवण कुणालाच राहत नाही. तो म्हणजे जामीनदार. शेजाऱ्यासाठी, साळ्यासाठी आपण सातबारा आणि ऐपतीचा दाखला देऊन मोकळे होतो. ज्याला सोडवलं तो पेशीला गेला नाही तर नोटीस आपल्याला येते आणि लिहून दिलेली रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते. कुणासाठी कधी सही केली असेल तर त्याचंही नाव टाकून बघा.

मात्र नाव शोधायचं हे हत्यार गावच्या भांडणात वापरू नका. सोयरीक जुळवताना मुलाचं नाव टाकायचं आणि सापडलं की गटावर फोटो फिरवायचा, हे प्रकार माझ्या दुकानातच झालेत. एकाच नावाची चार माणसं एका तालुक्यात असतात. वडिलांचं नाव, गाव, वय जुळल्याशिवाय बोट दाखवू नका. आणि खटला चालू आहे म्हणजे माणूस दोषी ठरलाय असं नाही.

तो हळदीचा पोरगा दुसऱ्या दिवशी न्यायालयापुढे उभा राहिला, वॉरंट रद्द झालं, लग्नाला दुपारी पोचला. आता त्याच्या घरी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी पेशीच्या तारखा लाल पेनानं लिहिलेल्या असतात. तुमच्या घरात कुणाला मोबाइलचं जमत नसेल तर माझ्याकडे येऊन खर्च करू नका. दहावीतलं पोरगं बसल्या बसल्या बघून देईल, त्याला फक्त गावाचं स्पेलिंग 'ईओ'नं सांगा.