पान कोणत्या रंगाचें?

चित्रकलेच्या तासास एखादा विद्यार्थी झाडाचें पान तपकिरी व बुंधा हिरवा रंगवितो. वर्गांत हंशा पिकतो, आणि प्रगतिपुस्तकांत 'लक्ष नाहीं' असा शेरा घरीं जातो. हा शेरा आम्हांस अन्यायाचा वाटतो.

रंग हा वस्तूच्या अंगीं जडलेला गुण आहे असें आपण सहज धरून चालतों. सूर्यप्रकाशाची लोलकानें फोड करून दाखविणाऱ्या न्यूटननें मात्र आपल्या १७०४ सालच्या ग्रंथांत स्पष्ट लिहिलें कीं, किरण स्वतः रंगीत नसतात. रंगाची जाणीव उत्पन्न करण्याची शक्ति तेवढी त्यांच्यांत असते. ती जाणीव घडते डोळ्याच्या आंतील पडद्यांत व मेंदूंत. या पडद्यांत शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. कोणी लांब प्रकाशलहरींना अधिक जागी, कोणी मध्यम, कोणी आंखूड. तिघींची साक्ष ताडून मेंदू रंगाचा निवाडा करितो. म्हणूनच तांबडा व हिरवा असे दोन झोत भिंतीवर एकाच जागीं पाडले, तर तेथें पिवळा रंग दिसतो. पिवळ्या लहरींची त्यास गरजच लागत नाहीं! (रंगपेटींतील तांबडा व हिरवा कालवून हें पाहूं जाणाऱ्याच्या हातीं मात्र मळकट चिखलच यावयाचा, कारण रंगद्रव्यें प्रकाश गिळतात.)

आतां या तिघींतील एक साक्षीदार जन्मतःच गैरहजर असला तर? अणुसिद्धान्ताचा प्रवर्तक जॉन डाल्टन ह्याची हीच स्थिति होती. जिरेनियमचें एक फूल त्याला दिवसा निळें व मेणबत्तीच्या उजेडांत तांबडें दिसे. इतरांस तसें दिसत नाहीं, हें त्याला १७९२ सालीं, ऐन तारुण्यांत उमगलें. त्याच्या भावाचीही दृष्टि तशीच निघाली. डाल्टनच्या जपून ठेविलेल्या डोळ्याची तपासणी १९९५ सालीं झाली, तेव्हां मध्यम लहरींची साक्ष देणारें द्रव्यच त्यांत नव्हतें, असें ठरलें. अशा मनुष्यास मंदबुद्धि कोण म्हणेल?

हा दोष बहुधा आईच्या कुळांतून मुलाकडे येतो, व मुलींत क्वचित् आढळतो. उत्तर युरोपांतील वंशांत दर बारा पुरुषांमागें सुमारें एकास तो असतो. रेल्वेचें इंजिन चालविण्याच्या नोकरीसाठीं रंगदृष्टि तपासतात. ही गोष्ट पंचविसाव्या वर्षीं तेथें कळण्यापेक्षां दहाव्या वर्षीं शाळेंत कळलेली बरी. जपानी वैद्य इशिहारा ह्यानें १९१७ सालीं काढलेले ठिपक्यांचे तक्ते नेत्रवैद्यांकडे असतात. पालकांनीं एकदां मुलास घेऊन जावें. आणि तोंवर रंगाच्या कांड्यांवर नांवांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या, नकाशांत तांबड्या-हिरव्याच्या जोडीस रेघा व ठिपके दिले, तरी वर्गांतील बरीच अडचण दूर होते.