अंगावर काढलेल्या सर्दीचा हिशेब

राज्य सरकारने सोमवारी, २ ऑगस्ट २०२१ रोजी बहुतेक जिल्ह्यांतील निर्बंध सैल केले. अकरा जिल्हे मात्र तिसऱ्या स्तरातच राहिले, त्यांत सातारा आणि सांगली होते. दुसरी लाट मुंबईत एप्रिलमध्येच उताराला लागली होती. कृष्णाकाठी ती जून-जुलैतही हटायचे नाव घेईना. साहजिकच त्या वेळी दोन्ही जिल्ह्यांत चर्चा होती ती दुकानांच्या वेळेची. इतरांना रात्री आठपर्यंत मुभा आणि इथे दुपारी चारलाच शटर खाली, याचा व्यापाऱ्यांना आलेला राग समजण्यासारखा होता. पण संसर्गाचा वेग जितका शटरवर अवलंबून आहे, त्याहून अधिक तो एका घरगुती निर्णयावर अवलंबून आहे. सकाळी उठल्यावर घसा खवखवतो, नाक वाहते, अंग जरा कसकसते. आता दूध घालायला डेअरीवर जायचे की नाही?

बहुतेक जण जातात. पावसात भिजलो, पुराच्या चिखलात दोन दिवस काम केले, एवढे होणारच, अशी समजूत असते. ऑगस्टमध्ये ती चुकीचीही म्हणता येत नाही. या दिवसांत सर्दी-पडसे, डेंगी, साधा विषाणूजन्य ताप, सगळेच आसपास असते. त्यात २०२१ मध्ये डेल्टा या तेव्हाच्या उपप्रकाराने आणखी गोंधळ वाढवला. ब्रिटनमध्ये तेव्हा लाखो लोक मोबाइल ॲपवर रोज आपली लक्षणे नोंदवत. तेथील जून २०२१ मधील नोंदींत डोकेदुखी, घशाची खवखव आणि वाहते नाक ही लक्षणे वर आली. वास जाण्याचे लक्षण खाली घसरले. म्हणजे २०२० मध्ये लोकांनी पाठ केलेली ‘ताप, कोरडा खोकला, वास नाही’ ही त्रिसूत्री पुरेशी राहिली नव्हती. साध्या सर्दीसारखा दिसणारा आजार साधी सर्दीच असेल, हे घरबसल्या कोणालाही सांगता येत नाही, अगदी डॉक्टरांनाही.

मग चाचणी करावी, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. या साथीतली सर्वांत अडचणीची गोष्ट अशी की माणूस सर्वाधिक संसर्गजन्य असतो तेव्हाच चाचणी चुकण्याची शक्यता मोठी असते. एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार संसर्ग पसरवण्याची क्षमता लक्षणे सुरू होण्याच्या आसपास शिखरावर असते आणि सुमारे ४४ टक्के प्रसार तर लक्षणे दिसण्याआधीच झालेला असतो. दुसरीकडे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी आरटी-पीसीआर चाचण्यांचे विश्लेषण केले, तेव्हा लक्षणांच्या पहिल्या दिवशी शंभरातले साधारण ३८ बाधित ‘निगेटिव्ह’ निघण्याची शक्यता दिसली. तीन दिवसांनी हे प्रमाण २० वर आले. रॅपिड अँटिजेन चाचणी याहूनही कमी संवेदनशील आहे. म्हणूनच लक्षणे असूनही अँटिजेन अहवाल निगेटिव्ह आला, तर आरटी-पीसीआर करावी, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा नियम होता. मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या, पुण्यात तयार होणाऱ्या आणि तेव्हा २५० रुपयांना मिळणाऱ्या घरगुती किटलाही तोच नियम लागू होता. प्रत्यक्षात निगेटिव्हची एक रेघ दिसली की लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि बाजाराची पिशवी उचलतात.

डेल्टाने हाताशी असलेला वेळही कमी केला होता. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील प्राथमिक अभ्यासात संपर्कानंतर सुमारे चार दिवसांतच चाचणी पॉझिटिव्ह येऊ लागल्याचे आढळले. मूळ विषाणूला सहा दिवस लागत. पहिल्या तपासणीत सापडलेल्या विषाणूंची संख्या तर हजारपटीहून अधिक होती. पहिल्या दिवशी ‘बघू, उद्यापर्यंत उतरेल’ म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला गाठण्याआधीच विषाणू पुढच्या घरात पोहोचलेला असतो. तेव्हा घरातल्या वेगळ्या खोलीत जाण्याचा निर्णय चाचणीच्या आधी घ्यायचा असतो. अहवालाने ठरते ते पुढे किती दिवस राहायचे एवढेच.

‘दोन डोस झालेत’ हे उत्तरही तेव्हा पुरत नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या एका उद्रेकाचा अहवाल ३० जुलै २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. तिथल्या ४६९ बाधितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. रुग्णालयात दाखल झालेले अगदी मोजके, म्हणजे लशीने आपले काम चोख केले. पण लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाधितांच्या नमुन्यांतील विषाणूचे प्रमाण सारखेच दिसले. आपल्याकडे तर २०२१ मध्ये लस न मिळालेल्यांची संख्याच मोठी होती. जून-जुलै २०२१ मधील देशव्यापी प्रतिपिंड सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ५८ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. राज्यातील ज्या सहा जिल्ह्यांत हे सर्वेक्षण झाले, त्यांत सांगलीही होता. उरलेल्या ४२ टक्क्यांसाठी शेजाऱ्याची किरकोळ सर्दी किरकोळ नव्हती.

विज्ञान इथपर्यंत सरळ आहे. माणूस अडतो तो पुढे.

गोठ्यात दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या आणि संकलन केंद्रावर दूध पोहोचवायचे. दहा दिवस खोलीत बसायचे, तर हे कोणी करायचे? रोजंदारीवरच्या बाईचे दहा दिवस बुडाले तर किराण्याची उधारी वाढते. वाळवा, मिरज, पलूस या भागांत पाणी ओसरलेल्या घरांचे पंचनामे तेव्हा व्हायचे होते. तलाठी दारात येईल तेव्हा घरमालक हजर नको? पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावसारख्या ठिकाणी दरड कोसळून घरेच गेली. निवारा केंद्रातल्या माणसाला वेगळी खोली म्हणजे काय, हा प्रश्न विचारणेही क्रूर वाटते. संघटित कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात ७० टक्के वेतन मिळू शकते. शेतमजूर, हमाल, भाजीवाली यांच्यासाठी तशी काहीच सोय नाही.

या घरगुती गणितात सरकारच्या दोन-तीन निर्णयांनी नकळत भर घातली. २५ मे २०२१ रोजी तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी बाधितांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचे जाहीर केले. त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर होते. बाधिताने कोविड काळजी केंद्रात दाखल व्हावे, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि सात माणसे असलेल्या घरात गृहविलगीकरण कागदावरच राहते आणि आठवड्यात सगळे घर आजारी पडते, हे गावोगावी दिसत होते. पण हा नियम पॉझिटिव्ह अहवालावर सुरू होत होता. म्हणजे स्वॅब दिला तर घर सोडावे लागेल, न दिला तर नाही. लहान मूल पदरात असलेली आई किंवा एकट्याने शेती सांभाळणारा माणूस यातून काय निष्कर्ष काढील? मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणायच्या आणि आजार अंगावर काढायचा.

दुसरा निर्णय जून २०२१ मधला, ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धेचा. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या तीन गावांना ५० लाख, २५ लाख आणि १५ लाख रुपये. स्पर्धेचे निकष अनेक होते, पण पारावर चर्चा झाली ती ‘कोरोनामुक्त’ या एकाच शब्दाची. तिसरा निर्णय शाळांचा. १५ जुलै २०२१ पासून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले ते महिनाभर एकही रुग्ण नसलेल्या गावांत. दोन्ही निर्णयांचा हेतू चांगलाच होता. तरी घसा दुखणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्याच्या एका अहवालाने गावाचे बक्षीस जाऊ शकत होते आणि पोरांची शाळा बंद पडू शकत होती. आकडा शून्यावर ठेवण्याला बक्षीस दिले की लोक आकडा लपवायला शिकतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी लक्षण सांगणाऱ्या घराला गावाने काय मदत केली, याला गुण असते तर बरे झाले असते.

हा धडा या मुलखाला नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंबई इलाख्यात घरझडत्या झाल्या, रुग्णांना उचलून रुग्णालयांत आणि नातेवाइकांना छावण्यांत नेले गेले. लोकांनी रुग्ण माळ्यावर, शेतात लपवले, प्रेते रातोरात परसात पुरली. पुण्यात या सक्तीचे पर्यवसान रँडच्या हत्येत झाले. पुढे सरकारलाच सक्ती सैल करावी लागली, कारण तिने रोग आटोक्यात येण्याऐवजी नजरेआड जात होता. त्याच साथीत सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. तिथे आजारी माणसाला वेगळे ठेवले जाई ते उपचारासाठी. छावणीबद्दल लोकांची तशी खात्री नव्हती. त्या वर्षी घाईने केलेला साथरोग कायदा आजही लागू आहे आणि कोरोनातही तोच वापरला गेला.

सक्ती कधीच उपयोगी पडत नाही, असेही नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित आढळले आणि काही दिवसांतच नात्यागोत्यातील वीसहून अधिक जणांना लागण झाली. प्रशासनाने परिसर बंद केला, संपर्कातल्या एकेकाला शोधून वेगळे ठेवले आणि साखळी तोडली. तेव्हा साखळी एकच होती आणि तिची प्रत्येक कडी माहीत होती. २०२१ मध्ये दोन्ही जिल्ह्यांत अशा असंख्य साखळ्या होत्या. माणूस स्वतःहून सांगत नाही, तोवर त्यांचे टोक कोणाच्या हाती लागत नाही.

श्रीमंत देशांतही लोक सांगत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून जवळपास अकरा महिने झालेल्या सर्वेक्षणांत लक्षणे असलेल्यांपैकी साधारण ४३ टक्क्यांनीच विलगीकरण पूर्ण पाळल्याचे सांगितले. न पाळणाऱ्यांत घरी लहान मूल असलेले, पैशाची ओढाताण असलेले आणि अत्यावश्यक कामावरचे लोक अधिक होते. ‘लक्षणे फार नव्हती’ हेही एक कारण होतेच. इंग्लंडने सप्टेंबर २०२० पासून विलगीकरणात राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांना ५०० पौंड द्यायला सुरुवात केली. ती रक्कम पुरेशी होती का, यावर तिथे वाद होता. पण घरी बसण्याला खर्च येतो आणि तो एकट्या रुग्णावर टाकता येणार नाही, हे तरी त्यांनी मान्य केले. आपल्याकडे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये आली. आशा सेविकांनी दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजला, ते काम मोठेच होते. घोषणेत कुटुंबाची जबाबदारी आहे. कुटुंबाच्या बुडालेल्या मजुरीचे काय, हे नाही.

पैसे येईपर्यंत निर्णय थांबत नाही. घसा, नाक, ताप, अंगदुखी यांपैकी नवे काही सुरू झाले, की त्याच दिवसापासून वेगळी खोली, मास्क, उघडी खिडकी आणि वेगळे ताट. खोली नसेल तर ओसरी किंवा माळ्याची जागाही चालते, मोकळी हवा सर्वांत महत्त्वाची. चाचणी एक-दोन दिवसांत करावी आणि पहिली निगेटिव्ह आली तरी लक्षणे असेपर्यंत बाहेर पडू नये. केंद्राच्या २०२१ मधील नियमानुसार लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला, की विलगीकरण संपत असे. रोज ऑक्सिमीटर लावून आकडा पाहावा, मग घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा पाहावा. तो ९४ च्या खाली गेला किंवा चालण्याआधीपेक्षा तीन-चार अंकांनी उतरला, तर रुग्णालयात जाण्यासाठी सकाळची वाट पाहू नये. आजार बिघडायचा तर बहुधा पाचव्या दिवसानंतर बिघडतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत याच काळात शेतावर जाणे धोक्याचे. साठीपुढचे, मधुमेही, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी घरी राहण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. सौम्य आजारात स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेणे तर टाळावेच. काळ्या बुरशीने त्याची किंमत दाखवून दिली आहे.

दूध कोणी पोहोचवायचे, हा प्रश्न मात्र यातल्या कोणत्याच सूचनेने सुटत नाही. तो वाडीतच सुटू शकतो. शेजाऱ्याने दहा दिवस किटली उचलली, ग्रामपंचायतीने शिधा आणि ऑक्सिमीटर दारात ठेवला, तलाठ्याने आजारी घराचा पंचनामा फोनवर बोलून आणि बाहेरून छायाचित्रे घेऊन केला, तर त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची गरज नाही. २०२० मध्ये मुंबईहून परतलेल्या माथाडी कामगारांना आणि चाकरमान्यांना कित्येक गावांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवले होते आणि अनेक ठिकाणी डबे घरोघरचे गेले होते. २०२१ मध्ये त्यातल्या काही शाळांत पूरग्रस्त राहिले. प्राथमिकचे वर्गही आज ना उद्या भरणार होते. ज्यांच्या घरी वेगळी खोली नाही, त्यांच्यासाठी गावात तेव्हा कोणती खोली उरते, हे ग्रामपंचायतींनी वेळीच ठरवायला हवे होते.