रानवाट मुलांच्या पायाखाली यावी

पाऊस ओसरला, भाताची कापणी उरकली आणि शाळांना दिवाळीची सुटी लागली की गोमंतकातील कुटुंबवत्सल गृहस्थापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. मुलांना घेऊन जायचे कोठे? त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. मिरामार, कळंगुट, नाही तर कोलवा. समुद्र आम्हांला परका नाही आणि त्याचा आम्हांला कंटाळाही नाही. परंतु समुद्राकडे तोंड करून उभे राहताना आपली पाठ कशाकडे वळलेली असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्या पाठीशी सह्याद्री आहे. खोतीगाव, नेत्रावळी, भगवान महावीर, बोंडला, म्हादई आणि चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य ही सहाही क्षेत्रे एकत्र धरली तर ती सुमारे ७५५ चौरस किलोमीटर भरतात. म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या चिमुकल्या राज्याचा पाचवा हिस्सा संरक्षित रान आहे. या पाचव्या हिश्शात आपल्या मुलांची पावले कितीदा पडली, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

जंगलाशी आमचा संबंध येत नाही असे नाही. तो येतो, पण कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. आषाढसरी कोसळू लागल्या की तरुणांचे थवे धबधब्यांकडे धाव घेतात. बाटल्या, गाणी, आरडाओरड, आणि मागे उरणारा कचऱ्याचा ढीग. ९ जुलै २०२३ रोजी नेत्रावळीतील मैनापी धबधब्यावर दोघांना जलसमाधी मिळाली, तेव्हा सरकारने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. पुढच्याच आठवड्यात रेल्वेमार्गावरून दूधसागरकडे निघालेल्या शेकडो लोकांना कुळे येथे अडवावे लागले. पुढे काही ठिकाणची बंदी शिथिल झाली. दुर्घटना, बंदी, ओरड आणि शिथिलता असे हे चक्र आहे. बंदीचे कारण आम्हांला समजते आणि जीव वाचविणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे, हेही आम्हांला मान्य आहे. परंतु केवळ बंदीने शिस्त निर्माण होत नाही. रानात कसे वागावे हे ज्याला लहानपणी कोणी शिकविलेच नाही, त्याने विसाव्या वर्षी एकाएकी शहाणपणाने वागावे, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

म्हणूनच आम्हांला वाटते की रानाची ओळख धबधब्यापासून नव्हे, पायवाटेपासून व्हावी. आणि ती आईवडिलांचे बोट धरून व्हावी.

उदाहरण खोतीगावचे घेऊ. काणकोण तालुक्यातील हे अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८६ चौरस किलोमीटर आहे. पाळोळ्याच्या गजबजलेल्या किनाऱ्यापासून ते फार दूर नाही, पण पाळोळ्याला जाणाऱ्या हजारोंपैकी तेथवर वळणारे थोडेच. अर्ध्या किलोमीटरपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या पायवाटा तेथे आखलेल्या आहेत. सहा वर्षांचे मूल आणि साठी उलटलेली आजी यांना बरोबर घेऊन सकाळच्या प्रहरी एक-दोन किलोमीटर चालून येणे, हे काही गिर्यारोहण नव्हे. त्यासाठी दोर नकोत, महागडे बूटही नकोत. घट्ट बसणारी पादत्राणे, पाण्याची बाटली, अंगभर कपडे आणि थोडी सवड एवढे पुरते.

अशा वाटेवर मुलाला काय दिसेल? वाघ दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. परंतु मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली ऐनाची साल दिसेल. उंच फांदीवर शेकरूने बांधलेले काटक्या-पानांचे घरटे दिसेल. पाने एकमेकांना शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचा संसार दिसेल. ओल्या मातीत गव्याच्या खुराचा ठसा उमटलेला असेल, तर तो आपल्या राज्याचा मानाचा प्राणी आहे हे त्याला तेथेच सांगता येईल. ज्यांना काणकोण दूर वाटते त्यांच्यासाठी चोडण आहे. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की खारफुटीतून जाणारी वाट लागते. ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारणारी निवटी, एकच आंगडा मोठा असलेले खेकडे आणि चिखलातून वर आलेली झाडांची श्वसनमुळे हे सारे पणजीपासून तासाभराच्या आत आहे. पुस्तकातील दहा पाने वाचून जे उमगत नाही, ते येथे अर्ध्या तासात उमगते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. माणसांची वर्दळ वाढली की जंगलाचे जंगलपण राहील काय? सर्वच रान सर्वांसाठी खुले करा, असे आमचे म्हणणे नाही. गाभा निवांतच राहिला पाहिजे. परंतु प्रत्येक अभयारण्याच्या वेशीवर दोन-तीन छोट्या वाटा नीट आखून द्याव्यात आणि एका वेळी किती माणसे आत जातील याची मर्यादा ठरवावी. वाटेवर किती अंतर आहे, चढ किती, मुलांना झेपेल की नाही, हे सांगणारे फलक मराठीत व कोकणीत असावेत. प्रवेशद्वाराशी स्वच्छ शौचालय असावे, कारण त्याच्या अभावी घरातील स्त्रिया सहलीला यायचेच टाळतात. सुटीच्या दिवसांत सकाळी एक कदंब बस तेथवर जावी. आज ज्याच्याकडे मोटार आहे त्यालाच जंगल आहे. हे बरे नव्हे.

वाटाड्या म्हणून त्या गावातलाच माणूस असावा, असा आमचा आग्रह राहील. खोतीगावच्या परिसरात वेळीप समाजाची घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. कोणत्या झाडाचा चीक कशावर लावतात, कोणते फळ पक्ष्यांसाठी सोडायचे, कोणत्या राईत कुऱ्हाड न्यायची नाही, हे त्यांना शिकवावे लागत नाही. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातील, गुडघ्यासारखी वाकलेली मुळे वर काढणारी झाडे आजवर टिकली, ती कायद्याच्या आधी श्रद्धेने राखली म्हणूनच. ज्ञानाचा हा ठेवा असलेल्या माणसाला रानापासून काही मिळत नसेल आणि रानातील जनावराकडून केवळ नुकसानच होत असेल, तर काय होते ते आपण पाहिले आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मृतावस्थेत सापडले. त्या दुःखद प्रकरणातून शहरातल्या माणसाने केवळ संताप घेऊन चालणार नाही. राखणदाराच्या घरी चार पैसे गेले पाहिजेत, हाही बोध घेतला पाहिजे.

पालकांनीही काही पथ्ये पाळावयास हवीत. पावसाळ्यात ओढ्यांच्या वाटा टाळाव्यात. मार्गशीर्ष-पौषापासून उन्हाळ्यापर्यंत माकडतापाची भीती असते. गोचिडींमुळे पसरणाऱ्या या तापाचे रुग्ण सत्तरीत २०१५ पासून आढळले आहेत. जेथे माकडे मेल्याची वार्ता असेल तेथे जाऊच नये, आणि रानातून आल्यावर मुलांचे अंग व कपडे तपासून गरम पाण्याने आंघोळ घालावी. यात घाबरण्यासारखे काही नाही. समुद्रात उतरताना भरतीची वेळ विचारतो, तशीच ही सावधगिरी आहे. आणि जे नेले ते सारे परत आणावे, रिकामी पिशवीसुद्धा.

एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. मुलांची करमणूक एवढाच हा प्रश्न असता तर त्यासाठी अग्रलेखाची जागा आम्ही खर्ची घातली नसती. पणजी-फोंड्याच्या घराघरांत नळाला येणारे पाणी ओपा येथे खांडेपार नदीतून उचलले जाते आणि त्या नदीला मोलेच्या रानातले ओहोळ भरतात. मडगावकर ज्या साळावली धरणाचे पाणी पितो, त्याला नेत्रावळीच्या डोंगरांचा आधार आहे. रान गेले तर प्रथम नळ आटेल. हे सत्य आज मूठभर अभ्यासक सांगतात आणि बाकीचे ऐकून विसरतात, कारण ज्या डोंगराबद्दल ते बोलतात तो बहुसंख्यांनी मोटारीच्या काचेतूनच पाहिलेला असतो. १८५२ साली दीपाजी राण्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा सत्तरीचे रान त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या रानाने आम्हांला आसरा दिला. आता त्याला आमच्या आसऱ्याची गरज आहे.

सातवी पूर्ण करण्यापूर्वी गोमंतकातील प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी रानवाटेवर पायी चालून यावे, अशी व्यवस्था शिक्षण व वन या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून करावी. त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही, थोड्या इच्छेची आहे. आणि सरकार हलेपर्यंत गृहस्थांनी वाट पाहू नये. येत्या रविवारी समुद्राकडे पाठ करून एकदा पूर्वेकडे निघावे. घरी परतल्यावर मुलाने ओंजळीत नळाचे पाणी घेऊन ते कोठून आले हे आपणहून सांगितले, तर ती सहल सार्थकी लागली असे समजावे.